मैदानापलीकडचा चेहरा

आमच्या गावात माणूस गेला की आधी डॉक्टर येतो, मग पाद्री, आणि मग घरचं कुणीतरी माझ्या दुकानात येतं. निधनाचे कागद मी छापते. दारावर, विजेच्या खांबावर, बसथांब्यावर, चर्चच्या भिंतीवर लावायचे. गेल्यावर एकदा, चाळिसाव्या दिवशी एकदा, मग सहा महिन्यांनी, वर्षानं, आणि पुढं नातेवाइकांचा दम टिकेल तोवर. मजकुराचं काही अडत नाही, तो सगळ्यांचा सारखाच असतो. अडतं ते फोटोपाशी. "दोचाताई, हा ओळखपत्रावरचा चालेल का?" म्हणत लोक नखाएवढा फोटो पुढं करतात. त्यात बिचारा मयत असा दिसतो, की पोलीस त्याच्या मागावर असावेत. मग मी सांगते, नेद्कोकडं जा.

नेद्कोकडं गावातल्या झाडून सगळ्यांचे चेहरे होते. तसा तो काही धंदेवाईक फोटोग्राफर नव्हे. नोकरीभर त्यानं घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचले आणि आता पेन्शनीत निघाला होता. पण शनिवारी आमच्या 'चिनार' संघाचा सामना असला, की गळ्यात कॅमेरा अडकवून तो मैदानावर हजर. पगार नाही, हुद्दा नाही, सामना संपल्यावर कुणी बिअर पाजली तर पाजली. त्याची लेन्स आखूड होती. तिच्यात लांबचं काही मावायचंच नाही, म्हणून तो गोलच्या मागं गवतात गुडघे टेकून बसायचा आणि चेंडू आपल्याकडं यायची वाट बघायचा. चेंडू पलीकडच्या अंगाला गेला की त्याला काही काम नसे. मग तो उठून कठड्याशी उभ्या असलेल्या लोकांमध्ये शिरायचा. सूर्यफुलाच्या बिया फोडत, पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत उभी असलेली माणसं, आणि त्यांच्या नाकासमोर नेद्को. "अरे, मागं हो, दात नाहीत माझ्या तोंडात!" असं म्हणत माणूस हसला की याचं बटण दाबून झालेलं असायचं. तेच फोटो पुढं माझ्याकडं यायचे. आमच्या खांबांवरची मेलेली माणसं शेजारच्या गावापेक्षा आनंदी दिसतात, ती या नेद्कोमुळं.

त्याचा स्वतःचा संसार मात्र कधीच मोडला होता. बायको इटलीला म्हातारी माणसं सांभाळायला गेली, ती तिकडचीच झाली. आधी पैसे यायचे, मग नुसते फोन, मग नाताळला एक कार्ड. मूलबाळ नाही. दुपारचं जेवण तो माझ्या शेजारच्या खाणावळीत उभ्या उभ्या उरकायचा. बसून एकट्यानं जेवलं की जेवण लांबतं, असं म्हणायचा. आणि मग माझ्या दुकानात येऊन, काही काम नसताना, कागदाच्या गठ्ठ्यावर बसून राहायचा. मी त्याला हाकललं नाही असं नाही, पण त्याला हाकलून घ्यायची सवय होती.

सगळ्या गावाचे चेहरे असलेल्या या माणसाकडं एकच चेहरा नव्हता, आणि तो त्याच्या सख्ख्या भावाचा, स्तामेनचा.

स्तामेन धाकटा, बराच धाकटा. नेद्कोनं त्याला कडेवर खेळवलेला, सायकलच्या दांडीवर बसवून सरावाला नेलेला. पुढं तो 'चिनार'चा गोलरक्षक झाला. काय गोलरक्षक होता! उडी मारली की बायकासुद्धा बिया फोडायच्या थांबायच्या. मग एका वसंतात तोपोल्का गावाशी सामना झाला. तो जिंकला असता तर आम्ही वरच्या गटात जाणार होतो. त्या दिवशी जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा माणूस आजारी होता. त्याची हातभर लांब लेन्स नेद्कोला एका दिवसापुरती मिळाली. नेद्को असा खुलला, की जणू त्यालाच कुणी वरच्या गटात घातलंय. गोलच्या मागं बसायचं सोडून तो लांब, मैदानाच्या मध्यापाशी कडेला उभा राहिला. शेवटच्या मिनिटांत तोपोल्काचा फटका वरच्या दांडीला लागला, चेंडू खाली आला, स्तामेननं झडप घालून तो बाहेर ओढला. पंचानं गोल दिला.

स्तामेन आईची शपथ घेऊन ओरडत होता, की चेंडूनं रेषा ओलांडली नाही. सगळं गाव त्याच्या बाजूनं. संघाच्या अध्यक्षांनी, वाल्चेवनी, तक्रार करायची तयारी केली. आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नेद्कोचा फोटो आला. त्यात रेषा ठळक, स्तामेनचे हातमोजे ठळक, आणि चेंडू रेषेच्या पलीकडं. गुत्त्यात कुणी विचारलं तेव्हा नेद्को म्हणाला, "भाऊ असला म्हणून काय झालं, कॅमेरा कशाला खोटं बोलेल?"

एवढं पुरे झालं. आधी लोक म्हणाले, स्तामेन खोटारडा. मग म्हणाले, तोपोल्कावाल्यांनी त्याला विकत घेतला. त्याच्या फाटकावर कुणीतरी लाल रंगानं 'विकाऊ' असं लिहून ठेवलं. त्यानं खेळणं सोडलं आणि भावाशी बोलणंही सोडलं. आई गेली तेव्हा दोघे खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे होते.

लांब लेन्स दूरचं जवळ आणते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ती पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटवते, हे वापरणाऱ्यालाच कळतं. आमच्या रस्त्यावरचे खांब तिच्यातून बघितले तर एकमेकांना टेकून उभे आहेत असं वाटतं. तिरकं उभं राहून तिच्यातून बघितलं, तर रेषेच्या अलीकडं हवेत असलेला चेंडूसुद्धा पलीकडं गेलेला दिसतो. नेद्कोला हे नेमकं कधी उमगलं, मला माहीत नाही. त्यानं ते कधी कुणापुढं कबूल केलं नाही, माझ्यापुढंही नाही. पण त्या सामन्यानंतर अठरा-एकोणीस वर्षं त्यानं लांब लेन्सला हात लावला नाही. यावरून मी काय ते समजले.

स्तामेन सामने बघायला मात्र यायचा. मावळतीच्या बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, तिथं सगळ्यात वरच्या पायरीवर, जुना बसड्रायव्हर मोन्यो याच्या शेजारी बसायचा. नेद्को कॅमेरा घेऊन त्या बाजूला वळला की हा उठून चालू लागायचा. भांडण नाही, शिवी नाही, नुसता उठून जायचा. नेद्कोनं दोन-चारदा बघितलं आणि मग त्या बाजूला जाणं सोडून दिलं. उगवतीला, खेळाडूंच्या खोल्यांच्या बाजूला, त्याची जागा ठरून गेली.

दोन वर्षांपूर्वी नवा नियम आला, की फोटोवाल्यांनी कठड्याच्या आत यायचं नाही. गोलमागची जागा गेली. नेद्कोच्या आखूड लेन्समध्ये खेळाडू मुंग्यांएवढे दिसायला लागले. वाल्चेव म्हणाले, "नेद्को, लांब लेन्स घे. अर्धे पैसे संघ देईल."

"बघू."

"बघू काय? गेल्या सामन्याचा फोटो माझ्या बायकोनं बघितला, म्हणाली, गवत छान आलंय."

नेद्को दोन वर्षं 'बघू'च म्हणत राहिला. गुडघे दुखतात, डोळे गेले, आता नवीन पोरांनी मोबाइलवर काढावेत, काय वाटेल ती कारणं. मग या ईस्टरनंतर गावात कळलं, की स्तामेनच्या फुप्फुसात काहीतरी आहे आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. त्याच आठवड्यात नेद्को माझ्या दुकानात आला आणि गठ्ठ्यावर न बसताच म्हणाला, "दोचा, मला लेन्स घ्यायचीय. तू शाई आणायला शहरात, प्लोवदिवला, जाणारेस ना? मी येतो."

दुकानातला विक्रेता दाढीवाला, गोड बोलणारा होता. त्यानं काउंटरवर दोन लेन्स मांडल्या. एक सत्तर ते दोनशे मिलिमीटरची. जाड, बुटकी, पांढरी, पुढची काच एवढी मोठी की तिच्यात माझा चेहरा दिसत होता. दुसरी दीडशे ते सहाशेची, पिळली की सोंडेसारखी बाहेर येणारी.

"फुटबॉल ना काका? मग डोळे मिटून दोनशेवाली घ्या," तो म्हणाला. "उजेड भरपूर घेते. ढग आले, संध्याकाळ झाली, तरी पळणारा माणूस स्वच्छ येतो. सहाशेवाली लांबचं आणते, पण उजेडाला कंजूस. जरा अंधारलं की धावणाऱ्याचे पाय पुसट. आणि हातात धरून दंड भरून येतील. ती पक्ष्यांसाठी, काका. पक्षी बिचारे बसून राहतात."

नेद्कोनं मान हलवली, दोनशेवाली लावून बघितली आणि ठेवून दिली. मग सहाशेवाली लावली आणि दारात जाऊन उभा राहिला. बाहेर लांबलचक रस्ता होता आणि टोकाला बाकावर एक म्हातारा वर्तमानपत्र वाचत बसला होता. नेद्को त्याच्यावर कॅमेरा रोखून उभा. एक मिनिट, दोन मिनिटं. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते.

"तो माणूस किती लांब असेल?" त्यानं विक्रेत्याला विचारलं.

"असेल सत्तर-ऐंशी मीटर. का हो?"

"त्याच्या भुवईत खूण आहे. लहानपणी पडला असेल."

मला तेव्हा लख्ख कळलं. आमच्या मैदानाची रुंदी तेवढीच आहे. आणि स्तामेनच्या भुवईत खूण आहे, ती सायकलच्या दांडीवरून पडल्याची, हे गावात कुणाला माहीत नाही?

त्यानं सहाशेवालीचे पैसे मोजले आणि आम्ही निघालो. बसस्टँडवर दोघांनी चीज भरलेली पोळी आणि धान्य आंबवून केलेला घट्ट, गोड बोझा प्यायला घेतला, तेव्हा मात्र मला राहवेना. "त्यानं चांगलं सांगितलं होतं, दोनशेवाली घे म्हणून. तू हे धूड कशाला घेतलंस?"

"लांबचं दिसतं."

"लांबचं काय? स्तामेन ना?"

तो बोझा ढवळत बसला. बोझा ढवळत नाहीत. मग म्हणाला, "त्याचा एक फोटो नाही माझ्याकडं. सगळ्या गावाचे आहेत. उद्या काही झालं, तर त्याची पोरगी कालिना स्पेनहून येईल आणि तुझ्याकडं काय घेऊन येईल? गावात त्याचा धड फोटो एकच आहे, रेषेचा. तो लावायचा खांबावर?"

"म्हणून चोरून काढणार? सख्ख्या भावाचा? झाडावरच्या घुबडासारखा?"

"जवळ गेलो की उठून जातो तो, दोचा."

"तेव्हा जायचा. आता त्याच्यानं उठवतं का बघ आधी. दोनशेवाली बदलून घे आणि चालत जा पलीकडं. फार तर काय करेल? शिवी देईल. तेवढीच बोलणी सुरू होतील."

"आणि उठून गेला तर?"

 त्याच्या मनात फोटोपेक्षा जास्त काही होतं हे दिसत होतं. भावाचा चेहरा एकदा जवळून बघायचा होता, आणि आपण बघतोय हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी त्यानं पेन्शनीतून साठवलेलं सगळं त्या नळकांड्यात घातलं. गाडीत ते मांडीवर घेऊन बसला होता, मूल घेऊन बसावं तसा. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

त्या शनिवारी घरचा सामना होता. मी सहसा जात नाही, पण गेले. स्तामेन आपल्या जागेवर होता, मे महिन्यात जाड स्वेटर घालून. इतका वाळला होता, की मोन्यो शेजारी बसल्यावर दोन माणसं बसलीयत असं वाटतच नव्हतं. अलीकडं, खेळाडूंच्या खोल्यांजवळ कठड्याशी, नेद्को.

पूर्वार्धात त्यानं खेळाडूंवर लेन्स फिरवून बघितली. उत्तरार्धात एकदा वर पायऱ्यांकडं उचलली ती उचलली, खाली आणलीच नाही. मी त्याच्या शेजारी उभी होते. बटणाचा आवाज येत नव्हता. नुसता बघत होता. मधूनच म्हणायचा, "दाढी केलीय." मग, "अजून सांगतोय त्याला, पुढं ये, पुढं ये. पोरगा रेषेवरच उभा राहतो ना." म्हणजे स्तामेन तिथून आमच्या गोलरक्षकाला ओरडून सांगत होता, आणि हा इकडून त्याच्या ओठांवर ते वाचत होता. आम्ही दुसरा गोल केला. सगळे उड्या मारत होते. नेद्को हललाही नाही. मागून वाल्चेव ओरडले, "अरे, गोल तिकडं झालाय! पायऱ्यांचे काय फोटो काढतोस?"

आता ते ओरडणं पलीकडं ऐकू गेलं, की त्या सोंडेवरच्या काचेची चमक दिसली, देव जाणे. स्तामेननं मान वळवली आणि सरळ आमच्याकडं बघितलं. मग गुडघ्यावर हात दाबून उठला. नेद्को पुटपुटला, "चालला." पण स्तामेन गेला नाही. उभा राहून त्यानं हात वर केला, हवेत फेकल्यासारखा हलवला आणि मोठ्यानं काहीतरी ओरडला. आमच्याकडचा ढोल चालू होता, काही ऐकू आलं नाही. नेद्कोनं तेव्हा बटण दाबलं, एकापाठोपाठ चारदा. मग स्तामेन खाली बसला. नेद्कोनं कॅमेरा उतरवला आणि दंड चोळले.

"जा ना तिकडं," मी म्हटलं. "काय म्हणतोय विचार."

"सामना चालू आहे."

सामना संपला तेव्हा माणसांची गर्दी फाटकाशी झाली. स्तामेन आणि मोन्यो पार शेवटी उठले. तोवर नेद्को पिशवी आवरून निघून गेला होता.

सोमवारी तो माझ्या दुकानात. पडद्यावर फोटो लावले. चार होते. चारही जवळजवळ काळे. मागं पांढरं लख्ख आभाळ आणि पुढं माणसाची आकृती. "ऊन समोरून आलं," नेद्को म्हणाला. "घाईत भानच राहिलं नाही." मी जमेल तेवढं उजळलं. चेहरा वर आला, राखाडी, भुरभुरीत, पण आला. भुवईची खूणसुद्धा दिसली. तोंड उघडं. दुसऱ्यात ओठ पसरलेले, तिसऱ्यात गोल, चौथ्यात पुन्हा उघडं.

"काय म्हणत असेल?" नेद्कोनं विचारलं.

"आईवरून शिवी."

"मला कशी देईल? आई एकच."

दोघेही हसलो. मग पुन्हा बघत बसलो. मी ओठ तसे करून बघितले, त्यानंही करून बघितले. बाहेरून कुणी बघितलं असतं तर दोन म्हातारे मासे बसलेत असं वाटलं असतं. हात तर आणखी अवघड. एका फोटोत वर, एकात बाजूला, दोनात मध्ये कुठंतरी. ये म्हणून बोलावणारा हात आणि चालता हो म्हणणारा हात फोटोत अगदी सारखे दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"तो 'चालता हो' म्हणतोय," नेद्को म्हणाला.

"मग स्वतः का नाही चालता झाला? इतकी वर्षं उठून जात होता. या वेळी उठला आणि परत बसला. तुला काही समजतं की नाही?"

"बसला कारण पायात बळ नाही."

"नेद्को," मी म्हटलं, "तो इथून चार गल्ल्या पलीकडं राहतो. जा आणि विचार. दार उघडं असतं त्याचं."

"उद्या जातो."

तो 'उद्या' काही येईना. रोज येऊन चार फोटो उघडायला लावायचा, बघायचा, आणि म्हणायचा, आज जरा थंडी आहे, आज त्याच्याकडं नर्स येते, आज मलाच बरं नाही. एकदा खरंच गेला. फाटकापर्यंत गेला, कुत्रं भुंकलं, आणि परत आला. मला सांगताना म्हणाला, "कुत्रं मला ओळखत नाही, दोचा. त्याच्या घरातलं कुत्रं मला ओळखत नाही." मी त्याला टाकून बोलले. म्हटलं, कुत्र्याच्या जन्माआधीपासून तू त्या घरात गेला नाहीस, त्याला काय तुझा वास पत्रानं कळवायचा? तो उठून निघाला. जाताना लेन्सचं झाकण माझ्या टेबलावर विसरून गेला.

पुढच्या घरच्या सामन्याला स्तामेन नव्हता. मोन्यो एकटाच होता. स्तामेनला शहरातल्या इस्पितळात नेलं होतं, आणि त्याच आठवड्यात तो गेला.

कालिना स्पेनहून आली ती थेट माझ्याकडं, बॅगेसकट. तिच्याकडं ओळखपत्रावरचा फोटो होता. मी पडदा तिच्याकडं वळवला. तिनं चारही बघितले आणि चौथा घेतला, तोंड उघडं असलेला. मी म्हटलं, अगं, निधनाच्या कागदावर असा कुणी लावत नाही. ती म्हणाली, "असू दे मावशी. बाबा कुणाशी तरी बोलतायत, हे बरं वाटतं. कुणाशी बोलतायत?"

"तुझ्या काकाशी."

"नेद्कोकाकाशी? बाबा?" ती खुर्चीत बसली. "काय म्हणत होते?"

मला सांगता आलं नाही. तिच्या काकालाही सांगता आलं नसतं. मी कागद छापले आणि पोरीच्या हाती दिले, आणि ती गेल्यावर दुकानाचं दार लावून घेऊन रडले. बारा गावचे मेलेले छापून मला रडायची सवय राहिलेली नाही, पण रडले.

अंत्यविधीला सगळं गाव होतं. 'विकाऊ' लिहिणारा हातही त्यातच कुठंतरी असणार. नेद्को खड्ड्यापाशी गेला नाही. मागं सरूच्या झाडाखाली उभा होता, रिकाम्या हातांनी. गावाच्या गर्दीत कॅमेरा नसलेला नेद्को मी त्या दिवशी पहिल्यांदाच बघितला. माती टाकून झाली आणि बायकांनी साखर घातलेले उकडलेले गहू कागदी पेल्यांतून वाटायला घेतले. "देव त्याला क्षमा करो," असं म्हणत जो तो दोन चमचे तोंडात टाकत होता. मी दोन पेले घेतले, एक नेद्कोला दिला. तेवढ्यात मोन्यो आला. रडून रडून त्याचं नाक लाल झालं होतं, आणि रडलेल्या माणसाला असतो तसा त्याला राग आला होता.

"काय रे," तो नेद्कोला म्हणाला, "त्या दिवशी आला का नाहीस?"

"कुठं?"

"कुठं म्हणजे? पलीकडं! केवढ्यानं ओरडला तो तुला. तीन दिवस खोकत होता त्या ओरडण्यानं."

नेद्कोच्या हातातला चमचा थांबला. "काय ओरडला?"

"तुला ऐकू नाही आलं?" मोन्योनं माझ्याकडं बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडं. "म्हणाला, 'अरे गाढवा, ऊन माझ्या पाठीमागं आहे! तिकडून मी काळा येईन! इकडं येऊन काढ!' आणि खाली बसून मला म्हणाला, 'मोन्यो, सरक जरा, दादाला जागा कर.' मी सरकलो. त्यानं तिथं रुमालसुद्धा पसरला, सिमेंट गार लागतं म्हणून. सामना संपून सगळे गेले, तरी बसून होतो आम्ही. मी म्हटलं, चल आता. तर म्हणतो, 'थांब, त्याचे गुडघे दुखतात, त्याला वेळ लागेल.'"

 नेद्कोनं पेला माझ्या हातात दिला. त्याचा चेहरा आधी अगदी कोरा झाला आणि मग हळूहळू मोडत गेला. मला त्याच्याकडं बघवेना, पण मान वळवणंही बरं वाटेना.

"बरोबर होतं त्याचं," तो म्हणाला. "ऊन पाठीमागंच होतं."

"तेच तर म्हणतोय मी."

"चेंडूपण बाहेरच होता, मोन्यो. रेषेच्या अलीकडं होता. तेपण बरोबर होतं त्याचं."

मोन्योनं रुमालानं नाक पुसलं आणि गोंधळून आम्हा दोघांकडं बघितलं.

"कुठला चेंडू?" त्यानं विचारलं.